सीना धुरावर अर्धाच शिजवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हिडिओ बघून पुण्यात कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून म्हशीच्या छातीचा, म्हणजे सीन्याचा, अडीच किलोचा तुकडा आणला, वाण्याकडून ‘पिंक सॉल्ट’ आणून वाटीभर चोळलं, चार दिवस फ्रिजमध्ये ठेवलं, मग मित्राच्या गच्चीवर दहा तास धूर देऊन आतलं तापमान ९५ अंशांपर्यंत नेलं. निघालं काय, तर कडा चपलेच्या तळव्यासारख्या, आतून करडा रंग, आणि मीठ इतकं की दोन घासांनंतर पाण्याचा तांब्या. चुकलं कुठे, व्हिडिओतलं ते ‘केमिकल’ खरंच लागतं का, आणि थंड धूर देऊन बघू का?

मी बावीस वर्षं हॉटेलांच्या कोल्ड किचनमध्ये हेच काम केलं, आता घरी करतो. तुमच्या तीन चुका आहेत, त्यातल्या दोन मिठाच्या. तिसरी चूक मात्र तुमची नाही. ज्या जनावरासाठी ती पद्धत बनली ते जनावर तुमच्या गच्चीवर नव्हतं, एवढंच.

आधी मीठ. वाण्याने दिलं ते सैंधव. रंग गुलाबी, पाकिटावर नाव ‘पिंक सॉल्ट’, पण ते साधं खाणीतलं मीठच. त्यातला गुलाबीपणा लोहाच्या अंशामुळे. व्हिडिओत जे पिंक सॉल्ट म्हणतात ते क्युअरिंग सॉल्ट, म्हणजे मांस खारवायचं खास मीठ. साध्या मिठात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट मिसळलेलं असतं आणि जेवणाच्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात मुद्दाम गुलाबी रंग घालतात. म्हणजे गल्लत टाळायला घातलेल्या रंगानेच आपल्याकडे गल्लत केली. उलटी गल्लत जास्त वाईट. क्युअरिंग सॉल्ट सैंधव समजून कोणी आमटीत टाकलं तर माणूस दवाखान्यात जाईल. माझ्याकडे ते झाकणाच्या डब्यात, वर लाल चिकटपट्टी लावून, स्वयंपाकघराबाहेरच्या कपाटात असतं. मिसळणीच्या डब्याशेजारी ठेवू नका.

आपल्याकडे मिळणारी सगळी पाकिटं गुलाबी नसतात, आणि सगळी ६.२५ टक्क्यांचीही नसतात. युरोपी पद्धतीच्या मिश्रणात नायट्राइट अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतं. त्यामुळे पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय कुठलंही प्रमाण वापरू नका. आकडा छापलेलाच नसेल तर ते पाकीट घेऊ नका. केमिकलच्या दुकानातलं शुद्ध नायट्राइट आणून घरी मिसळायचं तर मनातही आणू नका.

मग ते लागतंच का? खरं सांगायचं तर, अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये जो ब्रिस्केट, म्हणजे छातीचा तुकडा, धुरावर शिजवतात त्यात नायट्राइट अजिबात नसतं. मीठ, मिरे आणि धूर. ते खारवलेलं मांस नव्हेच, ते भाजलेलं मांस. तुम्हाला पाहिजे तो पास्त्रामीसारखा, म्हणजे आधी खारवून मग धूर आणि वाफ दिलेल्या मांसाचा प्रकार, आत शेवटपर्यंत गुलाबी आणि ती विशिष्ट चव. ती नायट्राइटशिवाय येत नाही. नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड बनतो, तो मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनला धरतो, आणि शिजल्यावरही तो रंग उडत नाही. तुमचा तुकडा करडा निघाला तो हे नसल्यामुळे. कडेला जी बारीक गुलाबी रेघ दिसली असेल ती धुराची. धुरातही हेच वायू थोडे असतात, पण ते खोलवर पोचत नाहीत. नायट्राइटचं दुसरं काम बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू रोखायचं. हे जंतू हवा नसलेल्या, कोमट, ओलसर जागी वाढतात, आणि जाड तुकड्याचं पोट तासन्‌तास कमी आचेवर ठेवलं तर तशी जागा तयार होऊ शकते.

माझी आजी धाराशिवकडची. तिच्याकडे मांसाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून वळणीवर चान्या वाळायच्या, कडक उन्हात, कावळे हाकायला आम्ही पोरं. तिला नायट्राइटची गरज नव्हती, कारण पट्टी इतकी बारीक की दुसऱ्या दिवशी आत ओल उरायचीच नाही. पट्टीऐवजी तीन इंच जाड ठोकळा घेतला की सगळं गणित बदलतं. कॅम्पातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी जीभ खारवतात, मीठ, लिंबू आणि चिमूटभर सोरा घालून, काट्याने टोचून, वर वरवंटा ठेवून. तो सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तेच काम, पण सावकाश. मांसातल्या जंतूंनी नायट्रेटचं नायट्राइट केल्यावर मग तो लागू पडतो. चिमूट प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून मी घरी सोरा वापरत नाही. त्या जिभेची चव मात्र भारी, मिळाली तर सोडत नाही.

आता मांस. महाराष्ट्रात गाय कापायला बंदी जुनी, १९७६ च्या कायद्याची. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे पुण्यात मेनूवर बीफ लिहिलेलं असो की बफ, ताटात येते म्हैस नाहीतर रेडा, आणि तेही तपासून दाखला दिलेलं जनावर. परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि पावती मागून घ्या. पिशवीत पावती असली की रस्त्यात कोणी विचारलं तर बोलणं लवकर आटोपतं. दुकानात ब्रिस्केट म्हणाल तर तरुण पोरांना कळतं, म्हाताऱ्या कसायाला ‘सीना’ म्हणा. ‘बडे का सीना, पूरा, बिना हड्डी, चरबी रहने दो.’ सकाळी सातच्या आत गेलात तर तुकडा निवडता येतो. दहानंतर सगळं बोट्या करून ढिगात पडलेलं असतं.

म्हशीचं मांस गर्द लाल, चरबी पांढरीशुभ्र. बाहेर चरबीचा थर असतो, पण मांसाच्या आत धाग्यांमध्ये विणलेली चरबी जवळजवळ नाहीच. अमेरिकेतला बैल मका खाऊन दीड-दोन वर्षांत कापला जातो, त्याच्या छातीत लोण्याच्या रेषा असतात. आपल्याकडे बाजारात येते ती बहुतेकदा दूध आटलेली म्हैस. तिची छाती आयुष्यभर वजन पेलत आलेली असते. वय वाढलं की मांसातल्या चिवट पडद्यांची, म्हणजे कोलॅजनची, वीण घट्ट होते. ती सुटायला वेळ लागतो, उष्णता लागते आणि ओल लागते. तुम्ही पहिल्या दोन दिल्या, तिसरी दिली नाही. दहा तास कोरडी गरम हवा, आत वितळायला चरबी नाही, मग चामडं होणारच. तुमची नसलेली ती तिसरी चूक हीच.

म्हणून माझी पद्धत: धूर अर्ध्या वाटेपर्यंत, पुढचा रस्ता वाफेवर. वाफ मोदकपात्रात. हसू नका. पास्त्रामीवाले जगभर शेवटी वाफच देतात, आपल्याकडे फक्त भांडं आधीपासून घरात आहे.

निवडताना अंगठ्याने चरबी दाबून बघा. टणक, कोरडी, पांढरी असेल तर ठीक. चिकट लागली किंवा बोटाला वास राहिला तर पुढच्या गाळ्यावर जा. सीन्यात दोन स्नायू एकमेकांवर बसलेले असतात, एक सपाट आणि रुक्ष, दुसरा जाड आणि चरबीचा. पहिल्यांदा करताना जाड भाग घ्या. सपाट भागात चूक लपत नाही. घरी आणल्यावर बाहेरची चरबी पाव इंच ठेवून बाकी उतरवा, आणि चंदेरी झिल्ली सुरीचं टोक खाली घालून सोलून काढा. तिच्यातून मीठ नीट आत जात नाही. उतरवलेली चरबी फ्रीजरमध्ये ठेवा, पुढे लागणार आहे.

मिठाला वाटी नको, काटा पाहिजे. माझ्या घरच्या वाटीत दीडशे ग्रॅम मीठ बसतं. अडीच किलोला दीडशे म्हणजे सहा टक्के. मी सव्वादोन टक्के घालतो. साफ केल्यावर तुकडा बरोबर दोन किलो भरला असं धरा. ६.२५ टक्क्यांचं क्युअरिंग सॉल्ट ५ ग्रॅम, म्हणजे मांसाच्या वजनाच्या पाव टक्का. त्यातून दर किलोला १५६ मिलिग्रॅम नायट्राइट जातं, कारखानेही साधारण हाच आकडा धरून चालतात. साधं मीठ ४० ग्रॅम. क्युअरिंग सॉल्टमध्येही मीठ असल्यामुळे दोन्ही मिळून सव्वादोन टक्के होतात. गुळाची पावडर २० ग्रॅम. भरडलेले मिरे १० ग्रॅम, दोन तमालपत्रं चुरून, चार लवंगा. लसूण घालायचा तर वाळलेला. पाच ग्रॅम मोजायला सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घ्या. स्वयंपाकाच्या काट्यावर पाचचे सात कधी होतात ते कळत नाही, आणि नायट्राइटच्या बाबतीत ‘थोडं जास्त असू दे’ चालत नाही. मीठ असं वजनावर ठरवलं की तुकडा जास्त दिवस राहिला तरी खारट होत नाही. जेवढं घातलं तेवढंच आत जाणार.

सगळं चोळा, पिशवीत सांडलेलंही पुसून तुकड्याला लावा, हवा काढून पिशवी बंद करा, ताटलीत ठेवा. रोज एकदा उलटा. दुसऱ्या दिवशी पाणी सुटेल, ते ओतून टाकू नका, त्यातच मीठ आहे. दिवस किती? नायट्राइट दिवसाला साधारण पाव इंच आत सरकतं. अडीच इंच जाडीचा तुकडा असेल तर दोन्ही बाजूंनी सव्वा इंच गाठायला पाच दिवस, वर दोन दिवस निर्धास्त राहायला. सात दिवस. तुमचे चार दिवस तसेही कमीच होते.

फ्रिज दोन ते चार अंशांवर हवा, आणि आपले फ्रिज तिथे नसतात. दारावरचं बटन तीनवर आहे म्हणजे काही कळत नाही. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर आत ठेवा आणि सकाळी बघा. माझा आठ अंश दाखवत होता. कितीतरी वर्षं मी त्यात दही-दूध ठेवत आलो होतो आणि कधी शंकाही आली नव्हती.

गुरुवारचा हिशोबही ठेवा. दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुधा गुरुवारीच, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. एका मे महिन्यात सहा किलो सीना खारवायला ठेवून मी लग्नाला लातूरला गेलो. परत आलो तर जिन्यातच शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘सकाळपासून लाइट नाही हो, आत्ता आली.’ पेल्यातला थर्मामीटर चौदावर. तुकड्याला वास नव्हता, रंग छान होता. बायको म्हणाली, ‘मीठ लावलंय की, काय होतंय?’ सहाच्या सहा किलो टाकले. किती तास चौदावर होता ते मला माहीत नव्हतं, आणि बोट्युलिझमच्या विषाला वास नसतो. तेव्हापासून मी हे काम डिसेंबर-जानेवारीत करतो आणि शुक्रवारी सुरू करतो. सात दिवसांत एक गुरुवार येतोच, पण त्या दिवशी मी घरी असतो आणि बर्फाच्या दोन पिशव्या तयार असतात.

सातव्या दिवशी धुवा, पुसा, ताटावरच्या जाळीवर उघडाच रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी हाताला किंचित चिकट आणि कोरडा लागला पाहिजे. ओल्या मांसावर धूर नीट बसत नाही, ओघळतो आणि कडवट होतो. मग मिरे आणि धणे समप्रमाणात, खलबत्त्यात जाडसर कुटून, सगळीकडे थापा. मिक्सरला लावू नका, पूड होते. मीठ अजिबात नाही.

लाकूड. वखारीत जळाऊ आंबा मिळतो, त्याने काम भागतं. पेरू त्याहून गोड. जांभूळ चांगलं. बाभळीचा कोळसा उष्णतेसाठी, वर दोन मुठी एवढे आंब्याचे किंवा पेरूचे तुकडे वासासाठी. लाकूड खडखडीत वाळलेलं हवं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणटण वाजलं पाहिजे, धप्प नाही. कडूनिंब, निलगिरी आणि पॅकिंगच्या खोक्यांचं चीक असलेलं लाकूड नको. सुताराकडचे तुकडे तर फुकट दिले तरी नको, त्यात प्लाय, पॉलिश आणि वाळवीचं औषध असतं. सोसायटीच्या बागेतल्या छाटलेल्या फांद्याही उचलू नका. त्यात कण्हेर असतेच, आणि कण्हेर विषारी आहे.

झाकणाची कुठलीही जाड शेगडी चालते. निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, मध्ये पाण्याचं भांडं. जस्त चढवलेल्या पत्र्याची टाकी कापून केलेली भट्टी वापरू नका, तापलं की जस्ताचा धूर निघतो. जाळीच्या उंचीवर ११० ते १२० अंश राहू द्या. झाकणातलं तापमानाचं घड्याळ खोटं बोलतं, मांसाशेजारी सळईचा थर्मामीटर लावा. धूर निळसर, जेमतेम दिसेल असा हवा. पांढरा ढग निघाला तर हवा कमी पडतेय, झाकणाची भोकं उघडा. तो ढग अर्धा तास लागला तरी सगळा तुकडा बिडीसारखा लागतो. कोळशाची धुरी देऊन दाल तडका करतो तो धूर आणि हा धूर वेगळा. तिथे तूप जळतं आणि पाच मिनिटांत खेळ संपतो. आणि गच्ची मोकळीच हवी. बंद बाल्कनीत कोळसा पेटवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. शेजारच्यांच्या कुरकुरीवर माझा उपाय म्हणजे आदल्या दिवशी सेक्रेटरींना सांगून ठेवणं. काय शिजतंय ते विचारलं तरच सांगतो.

आतलं तापमान ६६ अंश झालं की काढा. दोन किलोच्या तुकड्याला चार-साडेचार तास. याच्या थोडं पुढे काटा अडतो. मांसातून पाणी उडतं, त्याने ते गार होत राहतं आणि दोन-तीन तास आकडा हलत नाही. तुमचे दहा तास तिथे गेले आणि मांसातली ओलही तिथेच गेली. आपण त्याच्या अलीकडेच उतरायचं. रंग आणि वास तोवर पुरेसा बसलेला असतो.

मग मोदकपात्र. खाली पाणी, चाळणीवर सीना, वर फ्रीजरमधल्या चरबीचे पातळ काप. झाकण घट्ट, मंद आच. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोडं उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. वाफ त्याच्यावर जात नाही, म्हणून तुकडा करपणं शक्य नाही. पाणी आटलं तर मात्र भांडं जळेल, दर पाऊण तासाने उकळतं पाणी घाला. गार पाणी घातलंत तर वाफ बसते. अडीच तासांनी बघायला सुरुवात करा. आकडा ९३ ते ९५ येईल, पण आकड्यावर सोडू नका. सळई उकडलेल्या बटाट्यात जाते तशी गेली पाहिजे. म्हातारी म्हैस असेल तर चार तास लागतात. घाई म्हणून मी एकदा प्रेशर कुकरला लावला होता. चाळीस मिनिटांत मऊ झाला, पण धागे सुटे सुटे आणि रस सगळा खाली. भाजीत घालायला ठीक, कापायला नाही.

अर्धा तास झाकून ठेवा, मग धाग्याच्या आडवे काप करा. दोन स्नायूंचे धागे वेगवेगळ्या दिशेला जातात, मध्येच सुरी वळवावी लागते. गरमच खा. म्हशीची चरबी गार झाली की टाळूला चिकटते. बाजरीची भाकरी, कच्चा कांदा, फेसलेली मोहरी. पाव आणायचा तर आणा.

थंड धुराबद्दल: नको. थंड धूर म्हणजे तीस अंशांच्या खाली ठेवून दिलेला धूर, त्यात मांस शिजतच नाही. पुण्यात मार्चपासून दुपारची नुसती हवाच त्याच्या वर असते. जानेवारीच्या रात्री जमेल असं वाटतं, पण तापमान राखणारी पेटी नसेल तर मी स्वतःही करत नाही. आणि नायट्राइट घातलेलं मांस रोजचं जेवण नव्हे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं. आमच्याकडे वर्षातून तीन-चार वेळा होतं, पाहुणे आल्यावर.

उरला तुमचा फ्रीजरमधला तो खारट, करडा तुकडा. फेकू नका. फ्रिजमध्ये खारवलेला आहे आणि ९५ अंशांपर्यंत शिजलाय, तो वाईट नाही, नुसता फसलेला आहे. बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, रात्रभर पाण्यात ठेवा, फ्रिजमध्येच, पाणी दोनदा बदला. सकाळी अख्खा मसूर, कांदा, सुकं खोबरं आणि काळा मसाला घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या द्या. मीठ झाकण उघडल्यावर चव घेऊन मगच घाला, बहुतेक लागणार नाही.